ॲक्रिलिकच्या फिश टँकला सुरक्षितपणे छिद्र पाडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात ज्यांच्या शेतात ठिबक आहे, त्यांना पीव्हीसीच्या सबमेनला, म्हणजे शेतातील उपनळीला, ड्रिलने भोक पाडून त्यात रबरी ग्रोमेट बसवण्याची चांगली सवय असते. तोच हात, तेच बिट आणि तीच घाई घेऊन माणूस ॲक्रिलिकच्या टाकीसमोर बसला, की बहुधा टाकी तडकते. पीव्हीसी पाइप चूक पोटात घालतो. ॲक्रिलिक ती जपून ठेवते आणि काही महिन्यांनी, टाकीत पाणी व मासे असताना, बाहेर काढते. पुढील उत्तरे हा फरक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

चांगल्या टाकीला छिद्र पाडण्याची गरजच काय?

टाकीखाली किंवा शेजारी गाळणीची दुसरी टाकी, म्हणजे सम्प, ठेवायचा असेल, तर वरच्या टाकीतील पाणी आपोआप खाली उतरण्यासाठी वाट लागते. कडेवरून टाकलेल्या नळीने ते काम होते. परंतु त्या नळीत हवा शिरली की प्रवाह तुटतो, खालचा पंप मात्र पाणी वर चढवतच राहतो आणि टाकी जमिनीवर सांडते. छिद्रातून जाणारा ओव्हरफ्लो केवळ गुरुत्वाकर्षणावर चालतो, त्यामुळे त्यात हे भय नसते. सम्प ठेवायचा नसेल, तर मात्र छिद्र पाडू नये.

माझी टाकी काचेची आहे की ॲक्रिलिकची, हे कसे ओळखावे?

बोटाच्या पेराने टकटक केल्यास काच खणखणीत वाजते, तर ॲक्रिलिकचा आवाज बद्द येतो. साध्या काचेची कड बाजूने पाहिल्यास हिरवट दिसते. ॲक्रिलिकची कड स्वच्छ असते. वजनाचा फरक तर उचलताच कळतो, कारण काचेची घनता सुमारे 2.5 आणि ॲक्रिलिकची 1.19 आहे. ही खात्री आधी करून घ्यावी, कारण काचेसाठी हिऱ्याची कणी बसवलेले बिट व सतत पाणी लागते आणि टफन्ड काच तर छिद्र पाडताक्षणी चुरा होऊन पडते. या पानावरील कृती काचेला लागू नाही.

‘कास्ट’ आणि ‘एक्स्ट्रूडेड’ शीटमध्ये छिद्राच्या दृष्टीने काय फरक पडतो?

बराच पडतो. कास्ट शीट साच्यात ओतून तयार होते. तिच्यात अंतर्गत ताण कमी असतो आणि बिटाखाली तिचा कोरडा, तुकड्या-तुकड्यांचा कीस निघतो. एक्स्ट्रूडेड शीट यंत्रातून दाबून काढलेली असते. ती लवकर मऊ होते, लांब चिकट दोऱ्यांसारखा कीस देते आणि तो कीस बिटाला गुंडाळून बसतो. टाकी कोणत्या शीटची आहे हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ती एक्स्ट्रूडेड आहे असे समजूनच, म्हणजे अधिक हळू आणि अधिक वेळा थांबून, काम करावे.

ॲक्रिलिक तर काचेपेक्षा चिवट असते. मग ते छिद्रापाशी का तडकते?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आघात सोसण्याच्या बाबतीत ॲक्रिलिक काचेच्या पुढे आहे, हे खरे. परंतु ताणलेल्या रुंद पट्टीत गोल छिद्र असेल, तर छिद्राच्या कडेवरचा ताण इतर भागातील ताणाच्या सुमारे तिप्पट होतो. हे गणित प्रत्येक पदार्थाला लागू आहे. छिद्र गुळगुळीत असेल, तर ॲक्रिलिक हा तिप्पट ताण वर्षानुवर्षे सोसते. कडेवर एखादी खाच, ओरखडा किंवा निघालेला टवका असेल, तर त्या खाचेच्या टोकाशी ताण पुन्हा अनेक पटींनी वाढतो आणि तडा तेथून सुरू होतो.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. ॲक्रिलिक उष्णतेचे वाईट वाहक असल्याने घर्षणाची सगळी उष्णता बिटाच्या टोकाशीच साठते. सुमारे 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पदार्थ मऊ होतो, वितळलेला कीस बिट आणि भिंत यांच्यामध्ये चिकटतो आणि मशीनला झटका बसतो. झटका बसला नाही, तरी तापून पुन्हा गार झालेल्या कडेत ताण गोठून राहतो. अशा कडेला पुढे सॉल्व्हंट, स्पिरिट किंवा अमोनियायुक्त काच-क्लीनर लागले, की केसासारख्या बारीक तड्यांची जाळी उमटते. थोडक्यात, टाकी फुटली असे आपण ज्या दिवशी म्हणतो, त्याच्या कितीतरी आधी, छिद्र पाडतानाच, ती फुटायला सुरुवात झालेली असते.

वापरात असलेल्या टाकीला, मासे आत ठेवून, पाण्याच्या पातळीच्या वर छिद्र पाडता येईल का?

नाही. भरलेल्या टाकीच्या भिंती पाण्याच्या दाबाने आधीच ताणलेल्या असतात, वीज आणि पाणी शेजारी येते आणि कीस पाण्यात पडतो. टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, दोन-तीन दिवस सावलीत कोरडी होऊ द्यावी. जुन्या टाकीच्या सांध्यांपाशी तिरप्या उजेडात बारीक चकाकणारे तडे दिसत असतील, तर तिला छिद्र पाडण्याचा विचारच सोडून द्यावा.

कोणते बिट वापरावे?

लहान छिद्रासाठी, म्हणजे साधारण 12 मिमीपर्यंत, प्लॅस्टिकसाठी खास घासलेले बिट घ्यावे. त्याचे टोक 60 अंशांच्या आसपास निमुळते असते आणि त्याची धार पदार्थात घुसण्याऐवजी तो खरवडते. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारे, लोखंडाला भोक पाडण्याचे बिट 118 अंशांच्या टोकाचे असते. ते आरपार निघताना ॲक्रिलिकला एकदम पकडते आणि मागच्या बाजूने टवका उडवते. माझ्या पहिल्या टाकीचा तळ असाच गेला. तयार छिद्र 2 मिमीने मोठे करायचे म्हणून मी लोखंडाचे मोठे बिट लावले, त्याने स्क्रूसारखी पकड घेतली आणि छिद्रापासून कोपऱ्यापर्यंत एकच सरळ रेघ गेली. आवाज फार मोठा नव्हता. सुपारी फोडल्यासारखा होता. तेव्हापासून तयार छिद्र बिटाने मोठे करू नये, असे मी सर्वांना सांगतो.

टँक निपलसाठी, म्हणजे टाकीच्या छिद्रात बसून पाइप जोडू देणाऱ्या आट्यांच्या तुकड्यासाठी, लागणाऱ्या मोठ्या छिद्राला बारीक दात्यांचे धारदार होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत, योग्य ठरते. पायऱ्यांचे स्टेप ड्रिल पातळ शीटवर छान चालते, मात्र त्याच्या एका पायरीच्या उंचीपेक्षा जाड शीटमध्ये छिद्र पायऱ्यापायऱ्यांचे होते. ज्यांच्या ओळखीत फर्निचरचे काम करणारे कोणी असेल, त्यांनी राउटर (लाकडात चर व कडा कापणारे सुतारी यंत्र) आणि प्लायचा गोल साचा वापरण्याचा पर्याय जरूर विचारात घ्यावा. राउटरने पाडलेल्या छिद्राची भिंत इतकी साफ येते की पुढचे अर्धे काम वाचते.

घरातील साधे ड्रिल मशीन चालेल का?

वेग कमी-जास्त करता येत असेल तर चालेल. हॅमरची कळ बंद आहे याची दोनदा खात्री करावी, कारण भिंतीला खिळे ठोकण्यासाठी आणलेल्या मशीनवर ती बहुधा चालूच राहिलेली असते. सुमारे 35 ते 40 मिमीच्या होल सॉसाठी मिनिटाला 300 ते 500 फेरे पुरेसे आहेत. ज्या मशीनला फक्त 2,800 फेऱ्यांचा एकच वेग आहे, ते या कामाला निरुपयोगी समजावे. बॅटरीवर चालणारे मशीन पहिल्या गिअरमध्ये अगदी योग्य वेग देते आणि पाण्याजवळ अधिक सुरक्षितही असते.

खान्देशातील उन्हाळ्याचा या कामावर काही परिणाम होतो का?

होतो. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास जळगाव-भुसावळकडे दुपारचे तापमान 43-44 अंशांच्या पुढे जाते. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली शीट त्याहूनही तापलेली असते, म्हणजे मऊ होण्याच्या टप्प्यापर्यंतचे बरेच अंतर तिने बिट लावण्याआधीच कापलेले असते. उन्हाळ्यात हे काम पहाटे, घरात, फरशीवर करावे. हिवाळ्यात धुळ्याकडे पहाटे चांगलीच थंडी पडते, तेव्हा उलट शीट खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

ॲक्रिलिक तापमानाने काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावते, हेही लक्षात घ्यावे. एक मीटर लांबीची शीट दर अंशाला सुमारे 0.07 मिमी वाढते. जानेवारीतील 10 अंशांपासून मेमधील 44 अंशांपर्यंत माळ्यावर पडून राहिलेल्या रिकाम्या टाकीची लांबी त्यामुळे 2.4 मिमीच्या आसपास बदलते. छिद्रात निपल घट्ट ठोकून बसवू नये, थोडी मोकळीक ठेवावी, असे जे म्हणतात, त्याचे कारण हे आहे.

छिद्र कोठे पाडावे?

शक्यतो मागच्या भिंतीत, वरच्या भागात. छिद्राची कड आणि शीटची कड किंवा सांधा यांच्यामध्ये निदान छिद्राच्या व्यासाइतके अंतर सोडावे. दोन छिद्रांमध्येही तेवढेच. तळाला छिद्र पाडण्याचा मोह पाइप दिसू नयेत म्हणून होतो, परंतु तेथे पाण्याचा दाब सर्वाधिक असतो आणि वॉशरने दगा दिल्यास संपूर्ण टाकी रिकामी होते. अर्धा मीटर पाण्याखालील 25 मिमीच्या मोकळ्या छिद्रातून सेकंदाला साधारण एक लिटर पाणी जाते. म्हणजे दोनशे लिटरची टाकी, आपण बाजारातून परत येण्याच्या कितीतरी आधी, दिवाणखान्यात उतरलेली असते. मागच्या भिंतीत वर असलेले छिद्र गळले, तर पाणी फार तर छिद्रापर्यंतच उतरते.

एक इंची टँक निपलसाठी एक इंचाचेच छिद्र पाडायचे ना?

नाही, सर्वाधिक लोक येथेच फसतात. पाइपाच्या आट्यांचे ‘एक इंच’ हे नाव आहे, मोजमाप नव्हे. एक इंची बीएसपी (पाइपाच्या आट्यांचे ब्रिटिश प्रमाण) आट्यांचा बाहेरचा व्यास 33.2 मिमी, पाऊण इंचीचा 26.4 मिमी आणि अर्धा इंचीचा 21 मिमी भरतो. शिवाय प्रत्येक कंपनीच्या निपलची घडण वेगळी असते. म्हणून आधी निपल विकत आणावे, व्हर्नियर कॅलिपरने आटे मोजावेत, त्यात एक ते दीड मिमी मिळवावेत आणि मग होल सॉ घ्यावा. निपल प्लॅस्टिकचेच असावे. पितळेतून पाण्यात उतरणारे तांबे कोळंबीसारख्या जिवांना मारक ठरते.

प्रत्यक्ष छिद्र कसे पाडावे?

प्रथम त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर निदान दोन छिद्रे पाडून पाहावीत. असे तुकडे नेमप्लेट व दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे ढिगाने पडलेले असतात आणि ते सहसा नाही म्हणत नाहीत.

टाकी अशी आडवी करावी की छिद्राची बाजू वर येईल. खाली जुनी सतरंजी किंवा जळगावची प्लॅस्टिकची चटई दुमडून घालावी. शीटवरचा संरक्षक कागद असेल तर तो काढू नये. नसेल तर छिद्राच्या जागी दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलने केंद्र काढावे. खिळ्याने ठोकून खूण करू नये. आतल्या बाजूने प्लायचा सपाट तुकडा शिकंजाने घट्ट दाबून धरावा आणि शिकंजाचा जबडा ॲक्रिलिकवर थेट टेकू न देता मध्ये लाकूड द्यावे. शिकंजा पोहोचत नसेल, तर आतून ठोकळ्याचा टेकू देऊन प्लाय शीटला भिडवावा; दोन्हींमध्ये फट राहिली, तर टवका तेथेच उडतो.

डोळ्यांना चष्मा लावावा, ओढणी, सैल बाह्या आणि हातमोजे काढून ठेवावेत. आधी होल सॉच्या मधल्या बिटाने मार्गदर्शक छिद्र पाडावे. त्यानंतर मशीन काही क्षण उलट दिशेने फिरवल्यास सॉचे दाते न पकडता गोल चर उमटवतात आणि सॉ घसरत नाही. मग सुलट फिरवावे. दाब मशीनच्या वजनाइतकाच असावा. कीस निघत नसेल, तर दाब वाढवायचा नसून सॉ बोथट झाला आहे असे समजायचे. दर पाच-सहा सेकंदांनी सॉ पूर्ण बाहेर काढून दात्यांमधील कीस ब्रशने झाडावा. गोडसर, उग्र वास आला, की पदार्थ तापला आहे. थांबावे आणि बोटाला गार लागेपर्यंत थांबूनच राहावे.

अर्ध्याहून थोडी अधिक खोली झाल्यावर, मशीन आत जाण्याइतकी टाकी मोठी असेल, तर मार्गदर्शक छिद्र धरून आतील बाजूने उरलेले काम करावे. दोन्ही कडा साफ येतात. आत जागा नसेल, तर शेवटचे दोन मिलिमीटर दाब जवळजवळ शून्यावर आणून, प्लायमध्ये उतरेपर्यंत, अत्यंत सावकाश कापावेत. हा शेवटचा टप्पा बाकीच्या सगळ्या कामाइतका वेळ घेतो आणि त्याने तो घ्यावा.

गार ठेवण्यासाठी तेल टाकावे का?

तेल, स्पिरिट, थिनर, ॲसिटोन यांपैकी काहीही नको. साधे पाणी, फार तर त्यात भांडी घासण्याच्या लिक्विडचे दोन थेंब, ड्रॉपरने किंवा सलाइनच्या नळीने सोडावे. विजेवर चालणारे मशीन असेल तर ते 30 मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीमागे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे, असलेल्या प्लगवरच लावावे. तशी सोय नसेल तर पाणी न वापरता वारंवार थांबून काम करावे.

छिद्र झाले, आता लगेच निपल बसवावे का?

अजून नाही. छिद्र पाडायला दहा मिनिटे लागली असतील, तर कड घासायला अर्धा तास द्यावा. प्रथम ब्लेडच्या पाठीने कडेवरची बुर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत कोर, हलकेच खरवडावी. नंतर बोटाएवढ्या गोल लाकडाला पॉलिश पेपर गुंडाळून, पाणी लावून, 220, 400 आणि 600 अशा क्रमाने छिद्राची भिंत घासावी. दोन्ही बाजूंच्या कडा अर्धा मिलिमीटर तिरप्या कराव्यात. नख फिरवल्यावर कोठेही अडकू नये, ही साधी परीक्षा आहे. काही कारागीर गॅसच्या ज्योतीने कड चमकवतात. पाटीसाठी ते ठीक आहे. टाकीसाठी नाही, कारण ज्योतीने कडेत ताण गोठतो आणि पुढे त्याच तड्यांची जाळी येते.

निपल बसवताना सिलिकॉन, टेफ्लॉन किंवा एम-सील लावावे का?

टाकीवर बसणाऱ्या भागाला यांपैकी कशाचीही गरज नाही. पाणी अडवण्याचे काम रबरी वॉशर करतो आणि तो निपलच्या टोपीखाली, म्हणजे टाकीच्या आतील बाजूस, बसतो. वॉशर बाहेर चेकनटखाली, म्हणजे निपल आवळणाऱ्या नटाखाली, घातला, तर चेकनट फिरताना तो पिळला जातो आणि पाणी आट्यांमधून वाट काढते. चेकनट हाताने घट्ट होईल तितका आवळावा आणि नंतर पान्याने फक्त पाव फेरा द्यावा. काही निपलांचे आटे उलटे असतात, हे आधी पाहून घ्यावे. टेफ्लॉन टेप पुढे जोडायच्या पाइपाच्या आट्यांवर लावावी, पण तीही मोजकीच, कारण जाड थर लावून आवळलेला जोड निपललाच फाडतो.

पीव्हीसी पाइप चिकटवण्याचे सोल्युशन ॲक्रिलिकला खाते. सर्व चिकटवणी टाकीपासून दूर करून, जोड सुकल्यावर, पाइप निपलला आट्यांनी जोडावा. टाकीला पाइपाचे वजन पेलायला लावू नये. भिंतीत किंवा स्टँडला क्लॅम्प द्यावा.

भारनियमनात वीज गेली तर काय होईल?

हा प्रश्न आपल्याकडे ऐच्छिक नाही. वीज जाताच पंप थांबतो. ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंतचे पाणी खाली उतरते आणि पंपाच्या परतीच्या नळीचे तोंड पाण्यात खोल बुडालेले असेल, तर तीच नळी उलटे पाणी ओढू लागते. उदाहरणार्थ, 90 सेंमी लांब व 45 सेंमी रुंद टाकीतील पातळी 3 सेंमी उतरली, तर सुमारे 12 लिटर पाणी सम्पमध्ये येते. तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. परतीच्या नळीचे तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवावे, किंवा नेहमीच्या पाण्याच्या पातळीखाली लगेच नळीला लहानसे छिद्र पाडावे. पातळी तेथवर उतरताच हवा शिरून उलट प्रवाह तुटतो. पाणी उलटे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये. त्यात शेवाळ आणि बोअरच्या पाण्याचे क्षार अडकतात आणि तो नेमका त्या रात्री उघडा राहतो.

मासे सोडण्यापूर्वी चाचणी कशी घ्यावी?

कीस पूर्ण धुऊन काढावा. तो पाण्यात बुडतो आणि तळाशी चरणारे मासे तो गिळू शकतात. निपलखाली वर्तमानपत्र पसरून टाकी एक-तृतीयांश भरावी आणि पंप न लावता एक दिवस ठेवावी, नंतर काठोकाठ भरून दोन दिवस. ओव्हरफ्लोचे छिद्र वर असेल, तर त्याच्या निपलला तात्पुरते झाकण लावून पाणी त्या पातळीच्या वर न्यावे, नाहीतर वॉशरची परीक्षा होतच नाही. कागदावर एकही डाग नसेल, तर पंप लावून मुख्य स्विच चार-पाच वेळा बंद-चालू करावा.

छिद्रापासून लहान तडा गेला आहे. टाकी वाचेल का?

मागच्या भिंतीत, वर, तडा बोटाच्या पेराएवढाच असेल तर प्रयत्न करता येईल. तड्याच्या टोकाशी 3 मिमीचे गोल छिद्र पाडल्यास तो पुढे सरकण्याचे थांबतो. त्यानंतर दोन्ही छिद्रे झाकेल असा त्याच जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा आतून सॉल्व्हंटने जोडावा आणि ओव्हरफ्लोसाठी दुसरी जागा निवडावी. पाट्यांचे कारागीर या जोडासाठी क्लोरोफॉर्म वापरतात. त्याची वाफ घातक असल्याने हे काम उघड्यावरच करावे. सिलिकॉनने तुकडा चिकटवू नये, कारण ॲक्रिलिकवर त्याची पकड कमजोर असते. तडा तळाला असेल किंवा सांध्यापर्यंत पोहोचला असेल, तर टाकी पाण्यासाठी बाद समजावी; रोपे किंवा कासवाच्या कोरड्या खोक्यासाठीही ती देऊन टाकू नये, कारण पुढचा माणूस तिच्यात पाणी भरणारच.

नेमप्लेटवाल्याकडून लेझरने छिद्र पाडून घेतले तर?

जोडलेली टाकी लेझर मशीनवर मावत नाही, त्यामुळे हा पर्याय नवी टाकी बनवतानाच उपलब्ध असतो. लेझरची कड आरशासारखी चमकते, मात्र ती वितळून तयार झालेली असल्याने तिच्यात ताण असतो आणि सांध्याचे सॉल्व्हंट लागताच ती तडकू शकते. लेझरने छिद्र 2 मिमी लहान पाडून घ्यावे आणि उरलेले राउटरने किंवा पॉलिश पेपरने घासून मापाला आणावे. तसे करायला कारागीर तयार नसेल, तर त्याच्याकडून केवळ टाकाऊ तुकडे घ्यावेत आणि छिद्र स्वतः पाडावे.